रोबो येण्याआधीची बोलणी

कारखान्यात नवे तंत्र येत असताना युनियन आणि व्यवस्थापन यांनी एकत्र कसे बसावे, यावर आलेल्या पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. कायद्याचे उल्लेख 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे आहेत.

प्रश्न : आमच्याकडे बॉडीचे स्पॉट वेल्डिंग हाताच्या गनने होते. तीन पाळ्यांत मिळून लाइनवर 42 कायम कामगार आहेत. व्यवस्थापनाने बोर्डावर 21 दिवसांची नोटीस लावली आहे : लाइनवर रोबो बसणार आणि ‘मनुष्यबळाची फेररचना’ होणार. कमिटीत दोन तट पडलेत. काही म्हणतात काम बंद करा, काही म्हणतात बोलणी करा. या 21 दिवसांत नेमके काय करायचे?
— युनियन पदाधिकारी, चाकण

उत्तर : आधी नोटिशीचा अर्थ समजून घ्या. यंत्र बदलले म्हणून दरवेळी अशी नोटीस द्यावी लागत नाही. यंत्र किंवा पद्धत सुधारल्यामुळे कामगारकपात होण्याचा संभव असेल, एखाद्या कामावरची माणसे कमी-जास्त होणार असतील, पाळ्या किंवा श्रेणी बदलणार असतील, तर ती लागते. म्हणजे तुमच्या व्यवस्थापनाने नोटीस लावून एक गोष्ट कबूल केली आहे : माणसे कमी होऊ शकतात. काही ठिकाणी उलटे घडते. ‘आम्ही कोणाला काढणारच नाही, मग नोटीस कशाला?’ असे सांगितले जाते. तिथे युनियनने एवढेच म्हणावे की हेच वाक्य लेटरहेडवर द्या.

पहिल्या तीन दिवसांत लेखी माहिती मागा. तोंडी विचारू नका, कारण तोंडी प्रश्नाला तोंडीच उत्तर मिळते. रोबो किती, कोणत्या स्टेशनवर, एका बॉडीला किती सेकंद, तासाला किती बॉडी, उभारणी कधी सुरू, चाचणी किती दिवस, आजच्या कोणत्या जागा राहणार, कोणत्या जाणार, कोणत्या नव्या येणार आणि त्या नव्या जागांना कोणते शिक्षण लागणार, हे सगळे विचारा. त्याच पत्रात पुढच्या तीन वर्षांत त्या लाइनवरून कोण निवृत्त होणार याची यादी आणि कारखान्यात कंत्राटी माणसे कुठे कुठे आहेत याची यादीही मागा. या दोन याद्यांतूनच पुढे वाट निघते.

पुढच्या आठवड्यात कमिटीने स्वतःचा हिशोब मांडावा. उदाहरण म्हणून : आज पाळीला 14 जण. रोबो आल्यावर पॅनेल चढवायला-उतरवायला 4, रोबोवर लक्ष ठेवणे आणि इलेक्ट्रोडची टोके घासणे-बदलणे यासाठी 2, तपासणी व दुरुस्ती 2, देखभाल 1, मिळून 9. पाळीला 5, तीन पाळ्यांत 15 जण जास्त ठरतात. तांब्याच्या टोकांची देखभाल हा भाग व्यवस्थापनाच्या तक्त्यात बहुतेक वेळा नसतो. टोक पसरले की वेल्डची गाठ (नगेट) लहान होते, जोड कच्चा राहतो आणि तो पुढच्या तपासणीत अडकतो. हाताने वेल्डिंग केलेल्या माणसाला कच्चा जोड आवाजावरून आणि ठिणग्यांवरून कळतो. म्हणून तपासणीच्या जागांवर जुने वेल्डरच असावेत, ही मागणी कारखान्याच्याही हिताची आहे आणि ती तशीच मांडावी.

आता या 15 जणांचे काय, हा खरा विषय. तीन वर्षांत निवृत्त होणारे वजा करा. कारखान्यातच ज्या जागांवर कंत्राटी माणसे कायम स्वरूपाचे काम करतात, त्या जागा मोजा. देखभाल विभागात किती लागतील ते विचारा. बहुतेक ठिकाणी आकडा शून्यावर किंवा अगदी जवळ येतो, पण त्यासाठी तो कागदावर मांडावा लागतो.

दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत कराराचा मसुदा समोर ठेवा. त्यातले मुख्य कलम असे असावे : ‘कराराच्या तारखेला वेल्डिंग लाइनच्या हजेरीपटावर असलेल्या, परिशिष्ट अ मध्ये नावे दिलेल्या 42 कामगारांपैकी कोणालाही या यंत्रबदलामुळे कामावरून कमी केले जाणार नाही. त्यांची श्रेणी, मूळ पगार व सेवाज्येष्ठता कायम राहील.’ नावांचे परिशिष्ट सोडू नका. ‘शक्यतो कोणाला कमी केले जाणार नाही’ या वाक्याला दोन वर्षांनी काही किंमत उरत नाही. त्याखाली चार गोष्टी घ्या. बदली झाल्यास कुठवर, म्हणजे त्याच कारखान्यात की रोज जाऊन-येऊन होईल एवढ्या अंतरात. गेल्या 12 महिन्यांच्या इन्सेंटिव्हची सरासरी किती महिने मिळत राहील. प्रशिक्षण कोणाला आणि कामाच्या वेळेत की बाहेर. वाढलेल्या उत्पादनातला वाटा कधीपासून.

करार दोघांतच झाला तर तो सही करणाऱ्या पक्षांनाच बांधतो. समेट अधिकाऱ्यासमोर, म्हणजे वाद मिटवण्यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर, झाला तर कारखान्यातल्या सगळ्या कामगारांना बांधतो, दुसऱ्या युनियनच्या सभासदांनाही. कारखान्यात दोन युनियन असतील तर कामगार उपायुक्तांच्या कार्यालयातच सह्या करा. करारान्वये झालेल्या बदलाला वेगळी नोटीस लागत नाही. त्यामुळे व्यवस्थापनालाही करारात रस असतो, ही तुमची बाजू आहे.

बोलणी फिसकटली तर वाद समेटासाठी न्या. समेट चालू असताना त्या वादाशी जोडलेल्या सेवाशर्ती मालकाला बदलता येत नाहीत, पण त्या काळात तुम्हालाही संप करता येत नाही. संपासाठी आता कोणत्याही उद्योगात किमान 14 दिवस आधी नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकदम किरकोळ रजा टाकली तरी तो संपच धरला जातो. तेव्हा कमिटीतल्या ज्या गटाला उद्याच काम बंद करायचे आहे, त्यांना हे आधी सांगा. बेकायदा ठरलेल्या एका दिवसामुळे आठ दिवसांचा पगार कापला जाऊ शकतो, आणि बोलणीचा विषय रोबोवरून त्या कपातीवर जातो.

आणखी एक. बैठकीला गेल्यावर हजेरीच्या कागदावर सही मागतात. वर काय लिहिले आहे ते वाचा. ‘चर्चा होऊन मान्यता’ असे शीर्षक असेल तर खोडून ‘उपस्थिती’ असे लिहा आणि मग सही करा.

प्रश्न : मी एका मध्यम कारखान्यात एचआर पाहतो. सीएनसी सेल, म्हणजे संगणकाच्या नियंत्रणाने चालणाऱ्या मशीनचा गट, उभारायचा विचार आहे. संचालक म्हणतात, मशीन येऊन पडल्यावरच युनियनला सांगा, आधी सांगितले तर मागणीपत्र येईल. माझे मन मानत नाही. केव्हा सांगणे योग्य?
— व्यवस्थापक, वाळूज

उत्तर : तुमचे मन बरोबर सांगते आहे. पर्चेस ऑर्डर जाण्याआधी सांगा. ऑर्डर गेल्यावर लेआउट, फिक्स्चर, पाळ्यांची रचना आणि पुरवठादाराकडच्या प्रशिक्षणाच्या जागा हे चारही ठरून गेलेले असते, आणि युनियनला बोलण्यासारखे एकच उरते : माणसे आणि पैसे. मग मागणीपत्र तेवढ्यावरच येते. आधी सांगितले तर बोलणीला विषय जास्त मिळतात, आणि देण्या-घेण्याला जागा राहते.

तीन टप्पे करा. विचार पक्का होत असताना हेतू सांगा : का, कोणत्या ग्राहकासाठी, नाही केले तर काय होईल. कोटेशन आल्यावर आकडे द्या. ऑर्डरच्या आधी मसुद्यावर बसा. किंमत, ग्राहकाचे नाव, दर अशा गोष्टी गुप्त ठेवायच्या असतील तर तसे लिहून दोन-तीन प्रतिनिधींपुरत्या ठेवा. ऑपरेटरला लेआउट दाखवणे मात्र टाळू नका. कूलंटची टाकी भरायला जागा नाही, चिप्सची ट्रॉली फिरत नाही, क्रेनचा हुक तिसऱ्या मशीनपर्यंत पोचत नाही, या गोष्टी त्यालाच दिसतात. काँक्रीट झाल्यावर दिसल्या तर त्याचा खर्च तुमच्याच खात्यावर.

ही कल्पना नवी नाही. 1957 च्या पंधराव्या भारतीय कामगार परिषदेने यांत्रिकीकरणासाठी आदर्श कराराची तत्त्वे मान्य केली होती : असलेल्या कामगारांची कपात नको, त्यांची कमाई घटू नये, फायद्याची वाटणी न्याय्य व्हावी आणि कामाच्या बोजाचे मोजमाप नीट व्हावे. त्याच्या आदल्या वर्षी, 1956 मध्ये, जमशेदपूरला टाटा स्टील आणि टाटा वर्कर्स युनियन यांच्यात करार झाला आणि विभाग, कारखाना व कंपनी अशा तीन पातळ्यांवर संयुक्त परिषदा बसल्या. पुढे 1990 नंतर त्या कारखान्याने माणसे खूप कमी केली, पण लवकर निवृत्त होणाऱ्यांना निवृत्तीच्या वयापर्यंत दरमहा रक्कम देऊन. बँकांचे संगणकीकरणही एका झटक्यात आले नाही. इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात 1983, 1987 आणि 1993 असे टप्प्याटप्प्याने करार झाले. प्रत्येक टप्प्यावर संघटनांना बोलता आले, म्हणून यंत्रे शाखांपर्यंत पोचली.

शंभर किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी सरकार कार्य समिती नेमायला सांगू शकते, आणि वीस किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती लागतेच. या समित्या बहुधा कागदावर असतात. रोबोसारख्या बदलाची बोलणी तिथे करू नका, ती वाटाघाटी करणाऱ्या युनियनशीच करा. पण पाळी, जेवणाची सुट्टी, पाण्याची सोय, शिकाऊ काळातल्या अडचणी या गोष्टी तिथे दर आठवड्याला घेतल्या तर त्या मोठ्या टेबलावर येऊन अडत नाहीत.

प्रश्न : नवी सीएनसी मशीन आल्यापासून ‘एक माणूस तीन मशीन’ असा आदेश आहे. इंडस्ट्रियल इंजिनिअर म्हणतो, हिशोबात 79 टक्केच काम आहे. आमचे लोक पाळी संपेपर्यंत पार गळून जातात. त्यांचा हिशोब तपासायचा कसा?
— कामगार, अंबड, नाशिक

उत्तर : पत्रासोबत तुम्ही आकडे दिले, त्यामुळे नेमके सांगता येते. मशीन स्वतः चालते 5 मिनिटे. जॉब काढणे-लावणे 0.9 मिनिट, त्या वेळी मशीन थांबलेले असते. पाचांत एका जॉबची गेजने तपासणी 1.5 मिनिट, म्हणजे जॉबमागे 0.3. एका मशीनवरून दुसऱ्यावर चालणे 0.15. एकूण हाताचे काम 1.35 मिनिट. त्यावर 15 टक्के सवलत धरली आहे : 5 टक्के वैयक्तिक गरजा, 4 टक्के मूलभूत थकवा, उरलेले उभे राहणे, आवाज, उष्णता यांसाठी. हे प्रमाण वाजवी आहे. 1.35 गुणिले 1.15 बरोबर 1.55 मिनिट. तीन मशीनचे 4.65 मिनिट. मशीनचा फेरा 5.9 मिनिटांचा. भागाकार 79 टक्के. इथवर इंजिनिअर बरोबर आहे.

चूक पुढे आहे. या हिशोबात टूल बदलणे आणि चिप्स काढणे नाहीच. तुमच्या नोंदीप्रमाणे मशीनमागे पाळीला टूल बदलायला 15 मिनिटे आणि चिप्सला 8 मिनिटे. तीन मशीनची मिळून 69 मिनिटे. जेवणाची अर्धा तास सुट्टी वजा जाता पाळी 450 मिनिटांची, म्हणजे हे 15 टक्के झाले. मशीन थांबते तेवढे जॉब कमी निघतात, तो फरक वजा केला तरी एकूण बोजा 90 टक्क्यांवर जातो. त्यात एक इन्सर्ट मोडला, एक जॉब रिजेक्ट झाला की माणूस धावत सुटतो. थकव्याची सवलत कागदावर राहते, अंगाला मिळत नाही.

याच आकड्यांतून तोडगा निघतो. टूल बदलण्याचे काम सेटरकडे, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या कामगाराकडे, दिले तर ऑपरेटरचा बोजा 80 च्या आसपास येतो, आणि तीन मशीन चालवता येतात. सेटर देत नसतील तर दोन मशीन. ‘तीन नाहीच’ म्हणून अडून बसण्यापेक्षा ‘तीन, पण सेटरसह आणि तीन मशीनचा भत्ता धरून’ ही मागणी जास्त टिकते, कारण ती त्यांच्याच आकड्यांवर उभी आहे.

टाइम स्टडीत आणखी तीन ठिकाणी गफलत होते. अभ्यास नेहमी सकाळच्या पाळीत, चांगल्या कच्च्या मालावर होतो. रात्रीच्या पाळीत आणि कडक कास्टिंगवरही घ्यायला लावा. दुसरे, ऑपरेटरच्या वेगाचे रेटिंग. सगळ्यात चपळ माणसाला घड्याळ लावून त्याला 100 टक्के धरले, तर बाकी सगळे कायम मागे राहतात. किमान तीन ऑपरेटर घ्या, रेटिंग शीटवर त्यांच्या आणि युनियनच्या निरीक्षकाच्या सह्या असू द्या. तिसरे, शिकण्याचा काळ. नव्या मशीनवर पहिले तीन महिने जुन्या प्रमाणाने उत्पादन मागू नये. पहिला महिना 60, दुसरा 75, तिसरा 90 टक्के अशी पायरी करारात लिहा, आणि तोवर इन्सेंटिव्ह जुन्या सरासरीने द्या. मोठ्या कारखान्यांत युनियन आपला एक माणूस कार्यमापनाच्या अभ्यासक्रमाला पाठवते. तुम्हीही पाठवा. घड्याळ एकाच बाजूच्या हातात असेल तर आकड्यावर कोणाचाच विश्वास बसत नाही.

प्रश्न : भाऊ 44 वर्षांचा, 18 वर्षे नोकरी. पगार 30 हजार. कंपनीने व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती योजना) आणली आहे, 12 लाख देतात. मुलीचे शिक्षण आहे, एकरकमी पैसे बरे वाटतात. घ्यावी का?
— वाचक, सातारा

उत्तर : आधी पाहू, कंपनीने कपात केली असती तर कायद्याने किती मिळाले असते. दर वर्षाला 15 दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे 15,000 गुणिले 18, बरोबर 2,70,000. एक महिन्याची नोटीस किंवा तिचे 30,000. कपात झालेल्यांना नवे काम शिकता यावे म्हणून असलेल्या कौशल्य निधीतून 15 दिवसांचा पगार 15,000, कपातीपासून 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात. ग्रॅच्युइटी 30,000 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 18, बरोबर सुमारे 3,11,500. सगळे मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास. म्हणून पहिला प्रश्न विचारा : 12 लाखांत ग्रॅच्युइटी धरली आहे की वेगळी? धरली असेल तर व्हीआरएसची खरी रक्कम 9 लाखांच्या आतच आहे. ग्रॅच्युइटी हा त्यांचा हक्क आहे, ती कोणी भेट म्हणून देत नाही.

दुसरा हिशोब. 58 व्या वर्षापर्यंत 14 वर्षे, 168 महिने. आजच्याच पगाराने 50 लाखांवर जातात, पगारवाढ सोडून. 12 लाख 7 टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला 7,000 येतात. भावाच्या हातात दुसरे काम आणि त्याची पक्की कमाई असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर आमचे मत स्पष्ट आहे : आज सही करू नये. युनियनमार्फत दोन गोष्टी मागाव्यात. एकरकमीऐवजी निवृत्तीपर्यंत दरमहा रक्कम आणि कुटुंबाचा मेडिक्लेम. आयकराची 5 लाखांपर्यंतची सूट योजना नियमांत बसत असेल तरच मिळते, ते कंपनीकडून लेखी घ्यावे. घराचे कर्ज फेडायला व्हीआरएस घेणारे बरेच असतात. कर्ज फिटते, पण पुढचा महिना कसा काढायचा तो प्रश्न तसाच राहतो.

प्रश्न : माझी छोटी फाउंड्री आहे, 60 कामगार. इंजिनचे भाग ओततो. दुचाकी-तिचाकी विजेवर जायला लागल्यापासून दोन ग्राहकांच्या ऑर्डर घटल्या. युनियन आहे. मला परवानगी वगैरे लागते का? आणि काय करता येईल?
— उद्योजक, शिरोली, कोल्हापूर

उत्तर : कपात किंवा बंदसाठी सरकारची पूर्वपरवानगी 300 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना लागते. आधीच्या औद्योगिक विवाद कायद्यात ही मर्यादा 100 होती. तुम्हाला परवानगी लागत नाही. पण नोटीस, भरपाई आणि शेवटी आलेला पहिला जाईल हा क्रम तुम्हालाही लागू आहे. काम पुन्हा वाढले तर काढलेल्यांना आधी बोलवावे लागते. 50 किंवा जास्त कामगार असल्यामुळे ले-ऑफच्या, म्हणजे काम नसल्याने तात्पुरते घरी बसवलेल्या, दिवसांना मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई द्यावी लागेल.

तरी आमचा आग्रह असा की कपातीआधी काम वाटून घेण्याची बोलणी करा. आठवड्याला सहाऐवजी पाच दिवस, सहाव्या दिवसाचा निम्मा पगार, मुदत सहा महिने, प्रत्येक महिन्याला ऑर्डरबुक युनियनला दाखवायचे आणि ऑर्डर ठराविक टनांवर गेली की आपोआप सहा दिवस. मुदत आणि परत येण्याची अट दोन्ही लिहिल्या नाहीत तर कामगार कधीच तयार होणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. जर्मनीत फोक्सवॅगनने 1993 मध्ये आयजी मेटल या युनियनशी करार करून आठवडा 36 तासांवरून 28.8 तासांवर आणला आणि सुमारे 30,000 जणांची कपात टाळली. तिथे अशा वेळी सरकारी मदत असते, आपल्याकडे नाही, म्हणून तोटा कोण किती सोसणार हे तुम्हा दोघांनाच ठरवावे लागेल.

रिकामा मिळालेला दिवस प्रशिक्षणाला वापरा. विजेच्या गाडीत क्रँकशाफ्ट, सिलेंडर ब्लॉक, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लागत नाहीत. ब्रेक, सस्पेन्शन, हब, पंप, व्हॉल्व्ह आणि शेतीची अवजारे यांना ओतकाम लागतच राहणार. राखाडी बीडातून डक्टाइलकडे, म्हणजे गोल ग्रॅफाइट असलेल्या चिवट बीडाकडे, जायचे तर मॅग्नेशियम ट्रीटमेंट, वाळूचा कस, वितळलेल्या धातूची रासायनिक तपासणी या तीन ठिकाणी माणसे तयार करावी लागतात. मॅग्नेशियमचा परिणाम काही मिनिटांत उतरतो. उशिरा ओतले की ग्रॅफाइट गोल राहत नाही आणि सगळा लॉट भंगारात जातो. लॅडल धरणाऱ्या माणसाला हे ‘का’ समजले असेल तरच तो वेळ पाळतो. एका तक्त्यावर उभी 60 नावे आणि आडवी कामे लिहा : साचा, कोअर, भट्टी, ओतणे, फेटलिंग (ओतलेला भाग साफ करणे), तपासणी. कोणाला काय येते, काय शिकवायचे, ते युनियनच्या प्रतिनिधीसोबत बसून भरा. मुकादमाने एकट्याने भरलेला तक्ता मर्जीतल्यांचा होतो.

प्रश्न : सहकार्य म्हणजे शेवटी मालकाचेच भले. गिरणी कामगारांचे काय झाले ते मुंबईने पाहिले आहे. मग युनियनने सहकार्य का करावे?
— तरुण कामगार, भिवंडी

उत्तर : गिरण्यांचा दाखला योग्य आहे, फक्त तो पूर्ण पाहावा. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्याआधी कित्येक वर्षे मुंबईतला एक मोठा प्रश्न दबून होता : कामगारांच्या वतीने बोलायचे कोणी? 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा हक्क मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. बहुसंख्य कामगारांचा त्यावर विश्वास उरला नव्हता, आणि त्यांनी निवडलेल्या माणसाशी बोलायला मालक व सरकार तयार नव्हते. म्हणजे कागदावर ‘सहकार्य’ होते, पण ते कामगारांशी नव्हते. त्याच काळात गिरण्यांतली यंत्रे जुनी होत होती आणि काम तुमच्या भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे सरकत होते. त्यावर दोन्ही बाजूंनी मिळून आखलेली योजनाच झाली नाही. पुढे गिरण्यांच्या जमिनींचा नियम 1991 मध्ये आला आणि 2001 मध्ये बदलला, तेव्हा जमिनीतला वाटा ठरवताना कामगाराच्या हातात काहीच दाब उरला नव्हता.

म्हणून आमचे म्हणणे असे : सहकार्य करायचे तर आधी युनियन कामगारांची हवी. नव्या संहितेत हजेरीपटावरच्या 51 टक्के किंवा जास्त कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी वाटाघाटी करते. कोणाकडेच 51 टक्के नसतील तर युनियनांची वाटाघाटी परिषद बसते आणि 20 टक्क्यांमागे एक प्रतिनिधी मिळतो. हे सिद्ध करून ठेवा. मसुद्यावर सही करण्याआधी तो मराठीत, पूर्ण, सगळ्यांच्या हाती द्या. हिंदी बोलणारे बरेच असतील तर हिंदीतही. गेट मीटिंगमध्ये हात वर करून मंजुरी घेऊ नका, गुप्त मतदान घ्या. सुपरवायझर पाहत असताना कोणी हात खाली ठेवत नाही. पगारातला फरक, कोणाची पाळी बदलणार, कोण कुठे जाणार हे नावानिशी कळू द्या. मतदानात करार पडला तर पुन्हा टेबलावर जा. अशा करारावर झालेले सहकार्य मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही.

प्रश्न : मी कंत्राटी आहे, आठ वर्षे त्याच लाइनवर. रोबोच्या करारात आमचे नाव कुठेच नाही.
— कामगार, रांजणगाव

उत्तर : बहुतेक करारांत हीच उणीव असते, आणि कायम कामगारांच्या युनियनने ती भरून काढली पाहिजे. ‘जास्त ठरलेल्यांना कंत्राटी जागांवर घेऊ’ हे वाक्य कायम कामगाराला वाचवते आणि तुम्हाला घालवते. त्यासोबत किमान एवढे यावे : ज्यांची जागा जाईल त्यांना त्याच औद्योगिक वसाहतीत दुसरीकडे घेण्याची जबाबदारी कंत्राटदाराची, पुढच्या भरतीत त्यांना प्राधान्य आणि रोबो सेलच्या प्रशिक्षणात काही जागा. तुम्ही स्वतः तीन कागद जपा : पीएफचे यूएएन पासबुक, प्रत्येक कंत्राटदाराची पगारपावती आणि गेटपास. कंत्राटदार बदलला तरी काम, जागा आणि देखरेख तीच होती, हे यांवरूनच दाखवता येते.

प्रश्न : आमचा करार चांगला झाला. सहा महिन्यांनी कोणी विचारत नाही. देखरेख कशी ठेवायची?
— युनियन सचिव, तळेगाव

उत्तर : दोन्ही बाजूंचे तीन-तीन जण, महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, कामाच्या वेळेत. अध्यक्ष आळीपाळीने. टेबलावर एकच पान : परिशिष्टातल्यांपैकी किती जण कोणत्या कामावर, किती जणांचे प्रशिक्षण पूर्ण, इन्सेंटिव्ह सरासरीखाली किती जणांचे गेले, किती कंत्राटी जागा भरल्या, अपघात व थोडक्यात टळलेले अपघात किती, उत्पादन किती. नोंदी दोन दिवसांत सह्या होऊन बोर्डावर. प्रशिक्षण ठरल्याप्रमाणे झाले नाही तर पुढचा टप्पा सुरू होणार नाही, असे कलम करारात नसेल तर पुढच्या करारात आणा. त्या एका कलमामुळे बैठका चुकत नाहीत.

अर्थ लावण्यावरून वाद झाला तर कोणाकडे जायचे, ते नाव दोघांनी आधीच ठरवून ठेवा. आणि रोबो सेलपुरते एक काम पहिल्याच महिन्यात करा : कुंपणाचे दार उघडल्यावर रोबो खरोखर थांबतो का, हे प्रत्येक पाळीत दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर तपासा. उत्पादन अडू नये म्हणून दाराच्या स्विचला चुंबक किंवा तार लावून ठेवण्याची सवय फार लवकर लागते. कुलूप लावून वीज तोडल्याशिवाय आत जायचे नाही, कुलपाची किल्ली आत जाणाऱ्याच्याच खिशात, आणि जाणारे चार असतील तर कुलपेही चार. हा नियम मोडलेला दिसला तर सेल थांबवण्याचा अधिकार ऑपरेटरला आहे, असे त्या पानावर सगळ्यात वर लिहा.